बुटांची तालीम

मी वहिनीला म्हटलं, "कुलूप बदल आणि मोकळी हो." तर म्हणे, "वन्सं, कुलूप बदलून काय होणार? त्यांचा खोकला ऐकला की माझेच हात कडी काढतात."

तिचं मनगट मोडलं म्हणून दादा तुरुंगात होता. सख्खा भाऊ आहे माझा, पण खोटं का बोलू? सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. आता तो सुटणार होता, आणि सुटला की आधी घरीच येणार. एकदा का आत शिरला, की पुन्हा तेच सुरू.

तोडगा वहिनीनंच काढला. मी दादाचे जुने बूट घालायचे, जिना चढायचा, खोकायचं, किल्ली फिरवून दार ढकलायचं. आणि तिनं शिलाई मशीनवरून उठायचं नाही.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं. पण घातले मेले ते बूट.

पहिल्या दिवशी दार उघडते तर ही बाई माझ्या पायाशी वाकून नाड्या सोडतेय! चेहरा पांढराफटक. बुटांत मी आहे हे दिसत होतं तिला, तरीही. असा संताप आला मला! "अगं, कणा आहे की नाही तुला? लहानपणी मीही सोडल्यात त्याच्या नाड्या. म्हणून काय जन्मभर वाकायचं?"

मग रोज तालीम. कधी ती अर्धी उठायची, कधी बसल्या जागी थरथरायची आणि शिवण वाकडी जायची. मी दयामाया केली नाही. दादाच्या शिव्यासुद्धा दिल्या. माझा आवाज इतका हुबेहूब निघाला की जिन्यात माझ्याच अंगावर काटा आला. हळूहळू मी आत आले तरी ती बाही जोडत राहू लागली.

"जमलं गं तुला!" मी म्हटलं. ती हसली नाही. त्याचे कपडे बॅगेत भरून तिनं बॅग दाराशी ठेवली. मीही तिच्याकडेच मुक्काम टाकला.

तो भर दुपारी आला. मी भाजी निवडत होते. खाली फाटक वाजलं, मग जिन्यावर बूट. सावकाश. पायरी पायरीवर थांबत. दोघी कुठे पळणार आहेत, अशा थाटात. खोकला. किल्ली. दार उघडलं.

मशीन चालूच होतं.

"वा, राणीसाहेब," दादा हळूच म्हणाला. "उठायचं विसरलात वाटतं?"

मशीन थांबलं. संपलं, उठली ही.

"बॅग घे आणि चालता हो," वहिनी म्हणाली. बसूनच. मग तिचा आवाज मऊ झाला. "वन्सं, उठा बघू. बूट राहू देत त्याच्या पायात. त्याला जायचंय."

मी खाली पाहिलं. माझे गुडघे फरशीवर टेकलेले होते, आणि सुटलेली नाडी माझ्या बोटांत होती.