प्रार्थनेचा विषय: एक बहीण

चिठ्ठी, जशी वाचली गेली:

"एका बहिणीने अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या थोबाडीत मारली. ती पवित्रतेत वाढावी म्हणून प्रार्थना करू या."

पाळकांच्या बायकोने ती वाचून पुन्हा डब्यात टाकली. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ जणी बसतो, डबा फिरतो, जी ती आपापला विषय टाकते. चिठ्ठीत कुणाचंही नाव लिहायचं नाही, हा नियम. नाव नसलं की ती चहाडी होत नाही, असं आम्ही सगळ्या मनापासून मानत होतो. मीही.

नऊ जणींत अंथरुणाला खिळलेली सासू एकीच्याच घरी आहे. आठ जणी माझ्यासाठी कळवळून प्रार्थना करू लागल्या. एकीने तर हुंदका दिला.

.

मारलं होतं का? हो.

मी दातांच्या कवळ्या बनवते, तेच माझं काम. सासूबाईंचीही मीच केली. त्या सकाळी त्यांनी ती तिसऱ्यांदा दुधाच्या कपात थुंकली आणि म्हणाल्या, "तुझ्या हातचे दात तुझ्यासारखेच, नुसते टोचतात." माझा हात उठला. एकदाच. आत दात नव्हते, त्यामुळे गाल माझ्या तळव्याखाली खोल गेला. तो खड्डा अजून हाताला जाणवतो.

सोमवारी मी हे आमच्या नऊ जणींतल्या शिलाईवालीला सांगितलं. फक्त तिलाच. चर्चच्या मंडळीत आमच्या जोड्या लावलेल्या आहेत: आठवड्यात जे चुकलं ते एकमेकींपाशी कबूल करायचं. दोन वर्षं मी तिच्या दुकानात, अर्धवट शिवलेल्या पडद्यांमध्ये बसून एकेक गोष्ट तिच्यापुढे ठेवली. राग, हेवा, जिभेची धार. "वाढतेयस गं," ती म्हणायची, आणि मला खरंच वाटायचं की मी वाढतेय. त्या सोमवारी ती माझ्याबरोबर रडली. म्हणाली, "माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही."

तीन दिवस राहिलं पोटात.

.

त्याच गुरुवारी, चर्चच्या दारात:

"सांगितलंस तू."

"सांगितलं कुठे? प्रार्थनेला दिलं. नाव लिहिलं का मी?"

"सासू कुणाची आहे गं अंथरुणावर? तुझी?"

"हळू बोल, दातवाले. म्हणजे तुला प्रार्थना नकोय का?"

"तुझी हवी होती. आठ जणींची नाही."

तिने पर्सची चेन उघडली, लावली. "मला एकटीला नाही झेपलं. झालं समाधान?"

माझं समाधान झालं नाही. तिला झेपलं नाही तर ते तिने मला सांगायचं होतं.

शनिवारी मंडळीतल्या एका बहिणीच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने आईला भरवायचं काम स्वतःकडे घेतलं. भरवताना तो दार आतून लावून घेतो.

.

आता माझी चिठ्ठी. पुढच्या गुरुवारची सकाळ, कामाच्या टेबलावर, एका बाजूला मेणाचे जबडे.

पहिली: "एक बहीण मुलांना प्रार्थना शिकवते, पण वर्षभर तिने स्वतः केलेली नाही. नुसते ओठ हलवते. तिच्यासाठी प्रार्थना करू या."

मुलांना शिकवणारी आमच्यात एकच आहे, शिलाईवाली. हे तिने मला अशाच एका सोमवारी सांगितलं होतं, पडदा तोंडावर धरून. मी पुन्हा वाचलं. एक शब्द खोटा नव्हता. वर माया किती ओथंबलेली! अगदी तिच्या चिठ्ठीसारखी.

दुसरी: "एका बहिणीचा विश्वासघात झाला आहे." ही वाचली की पुन्हा हुंदके. नको.

तिसरी: "मला क्षमा करता यावी." हे खोटं. मला करायचीच नव्हती.

चौथी सुरू केली: "मी माझ्या सासूबाईंना मारलं. हे मी देवाला सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, आता आठ जणींना"

इथे पेन थांबलं. जिला मारलं तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

चारही फाडल्या आणि जेवणाच्या सुट्टीत घरी गेले. नवरा कामावर होता. मी पलंगाशेजारी उभी राहिले.

"आई, मी तुम्हाला मारलं."

"मग? मला बाहेरून कळायचं होतं का? गाल माझाच होता."

"चुकले मी. माफ करा."

"आज नाही. उद्या विचार."

"उद्या?"

"आणि उद्याही नाही म्हटलं तर परवा. एकदा तोंड उघडून मोकळं व्हायला ही काय तुझी मंडळी आहे?"

.

दुपारी मागच्या खोलीत डबा फिरत माझ्यापर्यंत आला. शिलाईवाली शेजारी बसली होती. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिला वाटत होतं, मी तिचं गुपित लिहिलं असणार.

दोन वर्षं माझी वाढ हिने बघितली होती. आणि तरी हिला माझ्याबद्दल खात्री होती ती एवढीच.

मी काही न टाकता डबा तिच्याकडे सरकवला. तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. तिने माझा हात धरायला बोटं पुढे केली. मी हात मांडीखाली घेतला.

सगळ्यांनी डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. ते नुसतेच हलतायत की आत काही आहे, हे या खोलीत फक्त मी विचारू शकत होते. मी ना तिला विचारलं, ना देवाला. तिच्यासाठी काही मागावंसंही वाटलं नाही.