एक अभ्रा झटकायचा राहिला

तळ्याकाठच्या एका बंगल्यात खोली घेतली होती मुलानं, स्वतःसाठी आणि बायकोसाठी. गेलो मात्र आम्ही दोघी, मी आणि सून. नवराबायकोच्या सहलीला सासू निघाली हे ऐकून शेजारीण तोंडावर हात ठेवून हसली. हसू दे. तिला तर तेवढ्यासाठीसुद्धा कोणी कुठे नेत नाही.

आमची लाँड्री आहे. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या, पाहुण्यांच्या बंगल्यांच्या चादरी आमच्याकडे येतात. मुलगा मशीन बघतो, सून हिशेबाला आणि घड्यांना, आणि मी सगळ्यांच्या डोक्यावर. शुक्रवारी दुपारी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. इस्पितळाच्या चादरी अडकल्या. मुलगा काळे हात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"आई, तू जा तिच्याबरोबर."

"मी काय करू तिथे? तळं मोजू?"

"बस नुसती. ती एकटी जाते म्हणते. एकटीला नको सोडायला."

त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि दोन लुगडी पिशवीत टाकली.

तीन महिन्यांपूर्वी सुनेला सातव्या महिन्यात मुलगी झाली, ती जगली नाही. सून इस्पितळातून घरी आली आणि चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, "ऊठ आता. पडून राहिलं की अंथरूण माणसाला खातं. चल, घड्या घाल." ती उठली. एक अक्षर न बोलता साठ चादरींच्या घड्या घातल्या. मला वाटलं, चला, लागली मार्गी. तेव्हापासून ती माझ्याशी तीन शब्दांत बोलते. हो, नाही आणि ठेवलंय.

बसमध्ये तिची पिशवी मी वर ठेवली. चाळीस वर्षं गठ्ठे उचलतेय, माझ्या हाताला वजनकाटा लागत नाही. अकरा किलो. दोन रात्रींना अकरा किलो कपडे कोणी नेत नाही. त्या बंगल्यावरून पुढे तासाभरावर तिचं माहेर आहे. मी काय ते समजले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता पाऊस.

बंगला तळ्याच्या काठावर, घरापासून बसनं चाळीस मिनिटं. तिथे पोचल्यावर सुनेनं छत्री उघडली तर वारा ती उलटी करून गेला. बंगलेवाली बाई दारातच होती. गोल, गडबडी, एका वाक्यात तीन वाक्यं बोलणारी. "या, या, अहो तुम्ही स्वतः आलात, आणि साहेब कुठायत, पाय पुसा हं, बाकी पाऊस म्हणजे काय विचारू नका." त्यांच्या चादरी वर्षानुवर्षं आमच्याकडे येतात. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके आणि एक फुली, ही त्यांची खूण. ती मीच घातलेली. अक्षरांशी माझं फारसं जमलं नाही, पण पंचेचाळीस गिऱ्हाइकांच्या पंचेचाळीस खुणा मला झोपेत विचारा.

खोलीत एकच पलंग. सून भिंतीकडे झोपली, मी दाराकडे. मधे एक तिसरं माणूस मावेल एवढी जागा. तिनं बंगल्याच्या उशीचा अभ्रा सारखा केला, त्यात हात घालून काहीतरी चाचपलं आणि पाठ फिरवली. घरीसुद्धा ती आपला अभ्रा धुवायला टाकत नाही. लाँड्रीवाल्याच्या घरात तीन महिन्यांचा न धुतलेला अभ्रा. मी त्याला रुसवा समजत होते.

दिवा मालवण्याआधी मी विचारून टाकलं. माझ्या पोटात गोष्ट रात्रभर राहत नाही.

"माहेरी किती दिवसांसाठी चाललीस?"

ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "माहीत नाही."

"परत येणार आहेस की नाही?"

"तेही माहीत नाही, आई."

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तिनं 'आई' म्हटलं होतं, ते आधी ऐकत राहिले. तेवढ्यात ती झोपली, किंवा तसं दाखवलं.

सकाळी पाचला माझे डोळे उघडतात, सहल असो की लग्न. शनिवार होता. शनिवारी आमची गाडी इथल्या चादरी न्यायला येते. थोड्या वेळानं सून आंघोळीला गेली आणि खाली बंगलेवालीची धांदल ऐकू आली. तीन खोल्यांच्या चादरी ती एकेक करून बाहेर आणत होती, जशी मांजर पिल्लं नेते. मला राहवलं नाही.

"अहो बाई, गठ्ठा असा नाही बांधत. सरका."

मग काय. आमच्या पलंगावरची चादर ओढली, अभ्रे काढले, बाकीच्या खोल्यांचे घेतले, आणि एका चादरीत सगळं टाकून एका गाठीत आवळलं. बंगलेवाली म्हणाली, "काय हात आहे तुमचा." मी फुशारले. गाडीवाल्यानं हॉर्न दिला, मी गठ्ठा स्वतः गाडीत टाकला.

लाँड्रीत नवी बाई लागली की मी तिला पहिली गोष्ट शिकवते. अभ्रा उलटा कर, झटक, मग टाक. त्यातून कानातले निघतात, गोळ्या निघतात, एकदा दातांची कवळी निघाली. चाळीस वर्षांत मी न झटकता अभ्रा टाकला नव्हता. त्या दिवशी टाकला. कोणीतरी बघत होतं म्हणून.

सून न्हाऊन आली. उघड्या गादीकडे बघितलं.

"माझा अभ्रा?"

"गेला धुवायला. आज शनिवार ना."

ती गादीवर बसली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यात तिचं फडकं होतं."

"कुणाचं?"

"तिला ज्यात गुंडाळलं होतं ते. पिवळं. मी धुतलं नाही ते. वास आहे त्याला."

मी मुलाला फोन लावला. मशीनच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी पाच वेळा लावला. गाडीवाला गाडी चालवताना फोन बंद ठेवतो, हा नियमही माझाच. मी चपला घातल्या.

बंगलेवालीची एक जुनी गाडी होती. तिनं प्रश्न न विचारता किल्ली घेतली. तेवढं एक तिनं आयुष्यात न बोलता केलं असेल. काचेवरचा पाऊस पुसणारी काडी निम्म्यात जाऊन थांबायची. मग मी खिडकीतून हात काढून पुढची काच पुसत गेले, खांद्यापर्यंत भिजत.

"मावशी, तुम्ही आजारी पडाल."

"तुम्ही रस्ता बघा. मला पडायला वेळ नाही."

सून मागे बसली होती. आरशात तिचं तोंड दिसत होतं. तिच्याकडे वळून बघायचं धाडस मला झालं नाही, हे सांगायला आजही जड जातं.

लाँड्रीत पोचलो तेव्हा मोठं मशीन चालू झालं होतं. त्याच्या गोल काचेमागे चादरी गरगरत होत्या, आणि एक कोपरा काचेवर येऊन गेला. तीन टाके, एक फुली.

"बंद कर," मी मुलाला म्हटलं.

"अगं, आत्ताच तर पट्टा बसवला. तुम्ही इथे कशा?"

"अभ्रे कुठे टाकलेस?"

"अभ्रे वेगळे काढलेत. तूच तर सांगतेस वेगळे काढायला."

कोपऱ्यात ढीग होता. तीन हॉटेलं आणि बंगला, सगळ्यांचे एकत्र. तीनशेच्या आसपास. सून ओल्या फरशीवर बसली आणि एकेक उलटा करायला लागली. मी समोर बसले. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हटलं नंतर बोलू. मुलानं विचारलं काय शोधताय. तिनं सांगितलं. त्याला फडक्याचं माहीतच नव्हतं. तोही बसला.

अभ्रा उलटा, झटका, बाजूला. अर्धा ढीग संपला असेल. माझ्या हातात एक अभ्रा आला आणि तळाशी बोटाला मऊ लागलं. मी आत हात घातला नाही. तो झटकलाही नाही. तसाच, तोंड मिटून, तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं आत बघितलं. मग तोंड खुपसलं आणि तशीच राहिली. मशीन गरगरत होतं. मुलगा उठून तिकडे गेला, पाठ करून उभा राहिला.

माझी चूक झाली, असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात कधी घडलेलं नाही, ते तिथे मावेना. मी भलतंच विचारलं.

"कशी होती गं?"

तिनं डोकं वर केलं. तीन महिन्यांत घरात हे कोणी विचारलं नव्हतं. मी इस्पितळात बाहेरच बसून राहिले होते, बघायला आत गेलेच नव्हते. म्हटलं होतं, कशाला जीव लावायचा.

"लहान," ती म्हणाली. "केस होते. एवढाले."

"वजन?"

"सव्वा किलो."

सव्वा किलो माझ्या हाताला पाठ आहे. मी तळवे थोडे वर धरले, आपोआप धरले गेले. तिनं ते बघितलं आणि तिथे, तीनशे अभ्र्यांच्या मधे, पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ओलाच होता, पण ठेवला.

थोड्या वेळानं नाक पुसत ती म्हणाली, "नाक तुमच्यासारखं होतं."

"बिचारी," मी म्हटलं. ती हसली, रडता रडता, विचित्र आवाज करून.

"चौथ्या दिवशी तुला उठवायला नको होतं," मी म्हटलं. निघालं एकदाचं.

"नको होतं," ती म्हणाली. पुसून टाकलं नाही, असू दे म्हणाली नाही. मला तेच बरं वाटलं.

बंगलेवाली दारात उभी राहून डोळे पुसत होती. ती म्हणाली, खोली उद्यापर्यंत तुमचीच आहे. आम्ही तिच्याच गाडीतून परत गेलो. मुलगाही येतो म्हणाला, सून म्हणाली, "नको, तू इस्पितळाच्या चादरी काढ. आम्ही दोघी जातो." दिवसभर पाऊस थांबला नाही. तळं दिसलंच नाही. आम्ही पलंगावर पाय पसरून बसलो आणि ती बोलत राहिली. बोटं कशी होती, नखं कशी होती, नर्सनं काय सांगितलं. मी फक्त विचारत होते. माझ्या पंचेचाळीस खुणांसारखं तिला तिच्या लेकीचं सगळं पाठ होतं.

रविवारी दुपारी तिची माहेरची बस आली. मी अडवलं नाही. पिशवी आत ठेवून दिली. ती खिडकीत बसली आणि काच खाली केली.

"एकवीस तारखेला येते."

"पाऊस असला तर?"

"असला तरी." मग म्हणाली, "आल्या आल्या कामाला लावायचं नाही."

"नाही लावत."

"कधी सुरू करायचं ते मी सांगीन. आणि मला विचारल्याशिवाय माझ्या उशीला हात लावायचा नाही."

आमच्या घरात मला कोणी असं सांगत नाही. सांगितलंच, तर ते पुन्हा सांगत नाही. बस सुरू झाली होती, ड्रायव्हर घाई करत होता, आणि ती खिडकीतून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"बरं," मी म्हटलं.