दोन काठांवरची खबर

मी जमिनीला गेलेला एक तडा बोलतोय. मला नीट आठवतं का, याचीच मला आधी शंका आहे. मी फाकलो तेव्हा ऊन होतं की राखेनं काळोख केला होता, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. अफार नावाच्या ओसाड, तापट प्रदेशात, उंटांच्या एका जुन्या वाटेवर माझा जन्म झाला, एवढं खरं.

त्याला जन्म म्हणावं का, तेही ठाऊक नाही. खाली जमीन युगानुयुगं ताणली जात होती, पातळ होत होती. मग खोलातून वितळलेला खडक वर घुसला आणि वरचा थर फाटला. तो रस माझ्या तळाशी गोठून काळा, जड दगड झाला. महासागराच्या तळाशी असतो तसाच. समुद्राचं पाणी अजून डोंगरांपलीकडे अडलेलं आहे, नव्या महासागराचा तळ मात्र इथं तयार व्हायला लागलाय. त्याची सुरुवात माझ्यापासून व्हावी, या विचारानं मी अजूनही धास्तावतो.

माझ्या पश्चिमेला मोमिनाची चटयांची झोपडी राहिली. पूर्वेला राहिली तिची लेक दहीला, दिवस भरलेली. मधे मी, वाफा सोडत. मोमिनाची उंटीण माझ्या वासानंच मागं फिरायची. मोमिना मात्र रोज यायची, पलीकडे बघत उभी राहायची आणि परत जायची. माझी रुंदी मलाच नकोशी व्हायची.

एकदा पलीकडून दहीलाचा दीर लुबाक आला. इथं माणसं भेटली की बसून एकमेकांना खबर देतात. त्याला दागू म्हणतात. ओरडून खबर सांगणं असभ्यपणाचं. क्रमही ठरलेला: आधी पाऊस, चारा, पाणी, मग जनावरं, माणसं शेवटी. म्हणून दोघं हळू आवाजात बोलता यावं अशा बेतानं बसली, दोन काठांवर, अगदी कडेला.

मोमिनाच्या खालची कड आतून पोकळ होती. ती सुटत चालल्याचं मला जाणवत होतं. तिला ते दिसणं शक्य नव्हतं. समोरून लुबाकला दिसलं.

“पाऊस?” मोमिनानं विचारलं.

“डोंगरावर थोडा झाला. काकी, मागं सरक. मुलगी झाली दहीलाला. ऊठ आता!”

मोमिना हलली नाही. “चारा कुठाय? पाणी कुठाय?”

“अगं, तुझ्याखालची माती सुटतेय!”

“आधीची खबर सोडून माणसांवर उडी मारणारा काहीतरी लपवत असतो.” तिचा आवाज चिरकला. “माझी लेक गेली का रे?”

“नाही गं बाई!”

“मग मला उठवायची घाई कसली? पाहिलंस की ऐकलंस?”

“पाहिलं. या डोळ्यांनी. मुलीला पाजत बसलीय आणि माझ्या भावाचा उद्धार करतेय.”

“काय म्हणते?”

“म्हणते, उंटीण शोधायला धाडला तर सावली शोधून झोपला, मेला गाढव!”

“म्हणजे धड आहे,” मोमिना म्हणाली. गुडघ्यावर हात टेकत उठली आणि मागं पडलेली काठी घ्यायला कडेपासून दूर गेली. तेवढ्यात कड गेली. कितीतरी वेळ दगड खाली आपटत होते. ती उठेपर्यंत मी कड धरून ठेवली होती, असं मला वाटतं. पण मी धरू शकतो का?

धूळ बसल्यावर मोमिना कडेपासून लांबच पुन्हा बसली. “हं. आता चारा सांग.”

“सांगतो, काकी, सांगतो,” लुबाक म्हणाला. तो रडत होता की हसत होता, कळलं नाही.

मग दुधाची कातडी पिशवी खांद्याला लावून ती दक्षिणेकडे निघाली. तिकडे माझं टोक आहे, तिथून वळसा घालता येतो. वाटेत पाणी नाही. ती दिसेनाशी झाली आणि माझा घोर सुरू झाला.

आता यंत्रं घेऊन माणसं येतात. माझ्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकतात, अंतर मोजतात, ते वाढलं की खूश होतात. मला त्यात खूश होण्यासारखं काही दिसत नाही. एवढंच मागणं आहे, माझ्या कडेला बसू नका. मला स्वतःचा भरवसा नाही.

बऱ्याच वर्षांनी लुबाक त्या माणसांना वाट दाखवायला आला. एका वाटसरूबरोबर, माझ्यापासून लांब बसून, त्यानं क्रमानं सगळं सांगितलं, आणि शेवटी माणसांचं. मोमिना पोहोचली होती. नातीला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, आणि ती पश्चिमेला कधीच परतली नाही. तिची कबर पूर्वेच्या काठावर आहे. “पाहिलीस की ऐकलंस?” वाटसरूनं विचारलं. “पाहिली,” लुबाक म्हणाला, “दगड मीच रचले.”