पायऱ्यांवरची नवी म्हातारी

"तो चेहरा जरा जवळ घ्या," साहेब खुर्चीमागे येऊन म्हणाले.

हवालदारबाईंनी कॅमेरा फिरवला. मोठ्या पडद्यावर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आल्या. रोजच्याच बायका तिथे बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर आपापल्या मुलाचा फोटो. घोषणा नाहीत, फलक नाहीत. चौकात पोलिसांच्या गाडीवर दगडफेक झाली, तेव्हा उचललेल्या पोरांच्या या आया. आज त्यांच्यात एक नवी म्हातारी होती. तिच्याकडे फोटो नव्हता. शेजारणीला पाण्याची बाटली उघडून देत होती आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू होता.

ती हवालदारबाईंची सासू होती. सकाळी गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून घरातून निघालेली.

"ओळखीची आहे?"

"नाही, साहेब."

"बसू द्या, बसायला बंदी नाही. पण कोण बसतंय हे आपल्याला माहीत पाहिजे. उद्यापासून यंत्रच चेहरा जुळवून नाव सांगणार. तुमच्या डोळ्यांचा त्रास वाचला."

साहेब हसले, म्हणून त्याही हसल्या. साहेबांशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या, आणि ते इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. उरलेला दिवस त्या पायऱ्यांवरून नजर काढत राहिल्या आणि पुन्हा तिथेच जात राहिल्या. घरी जाताना प्रत्येक खांबावरच्या कॅमेऱ्याकडे मान आपोआप वर होत होती.

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरात दोघीच. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणणार? चालत जा म्हणाले. तेवढं सांगायला शिकावं लागतं होय?"

"आई, उद्या जाऊ नका. ऊन फार आहे."

"अगं, डॉक्टरकडे पंखा असतो."

"पायऱ्यांवर नसतो."

सासूबाईंचा हात थांबला. एक दाणा घरंगळत कपाटाखाली गेला. तो काढायला दोघींपैकी कोणी वाकलं नाही.

"पाहिलंस होय मला," त्या हळूच म्हणाल्या. "आणि सांगितलंस?"

"नाही सांगितलं. पण उद्या यंत्र सांगेल. उद्या यांच्या परवान्याचं काही अडलं, तर कुणाला विचारायचं? तुम्हाला कशाला हवेत नसते उद्योग?"

"आपली शिंपीणबाई एकटी बसते गं तिथे. बाकीच्यांच्या बहिणी आहेत, जावा आहेत. हिला तो एकच लेक. हात वर केलेला दिसला म्हणून नेला. ती सांगतेय, चौकात गडबड झाली तेव्हा तो खालून तिलाच खुणावत होता, 'आई, खिडकी लाव, आत जा.' पण आईचं कोण खरं मानतो?" त्यांनी सुनेकडे सरळ पाहिलं. "तुमच्या त्या पडद्यांवर सगळ्या जगाच्या खिडक्या दिसतात म्हणे. तिची एक दिसत नाही?"

हवालदारबाई जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दगडफेकीच्या दुपारचं चित्रण काढलं. ठाण्याच्या बाजूचा कॅमेरा सगळ्यांनी पाहिला होता. त्यात एक तरुण हात उंच करून उभा आणि पुढच्या क्षणी गाडीची काच फुटलेली. पेट्रोल पंपावरचा कॅमेरा मात्र कोणी उघडलाच नव्हता. त्यात तोच तरुण पाठमोरा होता, पंजा उघडा, रिकामा, दोनदा तीनदा हलवलेला. वर दुसऱ्या मजल्यावर एक बाई वाकून बघत होती. मग तिने खिडकी ओढून घेतली. दगड दुसऱ्याच बाजूने आला.

त्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे जपून ठेवायला हवं. आठवड्याभरात आपोआप पुसलं जाईल."

साहेबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी कपाळ चोळलं.

"कोर्टाने मागितलंय?"

"नाही."

"वकिलाने?"

"त्यांना माहीतच नाही की असं काही आहे."

"मग आपण कशाला आगीत हात घालायचा? मागितलं तर देऊ. तुमचं काम बघायचं, बाई. बघा."

बघायचंच काम. खोलीतला गारवा त्यांना एकदम बोचायला लागला. एवढ्या पडद्यांसमोर बसून शहरात कोण कुठे वळला ते त्या सांगू शकत होत्या, आणि एका आईला तिचीच खिडकी दाखवू शकत नव्हत्या. चार दिवस त्यांनी मनाची समजूत घातली. सासूबाई रोज पायऱ्यांवर जात होत्या, आता डॉक्टरचं निमित्तही न काढता, आणि सुनेला एका शब्दानेही विचारत नव्हत्या. तेच जास्त जड जात होतं.

पाचव्या दिवशी बूट घालता घालता हवालदारबाई म्हणाल्या, "आई, शिंपीणबाईंच्या वकिलाला सांगा, पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागा. आजच अर्ज करा. मी सांगितलं म्हणू नका."

"नाही म्हणणार," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेच्या गणवेशाची खांद्यावरची पट्टी उगाचच सरळ केली.

न्यायालयाने चित्रण मागवलं आणि पोरगा सुटला. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी दार लावून घेतलं.

"नेमका तोच कॅमेरा वकिलाला कसा सुचला?"

त्या नाही म्हणू शकल्या असत्या. एकदा म्हणाल्याच होत्या.

"मी सांगितला, साहेब. आणि यंत्राने जिचं नुसतं नाव सांगितलं, ती पायऱ्यांवरची म्हातारी माझी सासू आहे."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. "हे माझ्यापाशी राहील. पण या खोलीत तुम्हाला ठेवता येणार नाही."

चौकशी झाली नाही, बदली झाली. आता त्या उड्डाणपुलाखाली वाहतूक सांभाळतात. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात. सासूबाई न बोलता गरम पाण्याची बादली पुढे सरकवतात, आणि मग बोलायला लागल्या की थांबत नाहीत.

त्यांच्याकडूनच कळलं होतं की शिंपीणबाईंचा लेक कामावर जायला लागलाय, पण घरी आला की बोलत नाही.

एकदा कामावरून परतताना तो त्यांना समोरच दिसला. अरुंद बोळ होता. तो कापडाचं गाठोडं घेऊन येत होता, काहीतरी गुणगुणत. गणवेश दिसताच त्याचा आवाज थांबला. गाठोडं छातीशी धरून त्याने पाठ भिंतीला टेकवली आणि खाली बघत उभा राहिला, त्यांना जायला वाट देऊन.

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आई बरी आहे ना, एवढंच. पण त्याचे ओठ सुकलेले त्यांनी पाहिले आणि त्या अंग चोरून, होईल तितक्या भराभर पुढे गेल्या. वळणापाशी पोचल्या तरी तो भिंतीपासून सुटल्याचा आवाज मागून आला नव्हता. त्यांनी वळून पाहिलं नाही.