ग्झेलाकांची भरलेली मैफल

वालेंती ग्झेलाक पंचवीस वर्षं पोलंडभर पियानो वाजवत हिंडले, पण आमच्या रादोमच्या सभागृहात त्यांना चाळीसच्या वर माणसं कधी मिळाली नाहीत. मी तिथे दारावर तिकिटं फाडायचे. एक्याऐंशी साली दुकानांत मालच उरला नव्हता. रांग दिसली की माणसं आधी उभी राहायची आणि मग काय मिळतंय ते विचारायची. त्या नोव्हेंबरात ग्झेलाकांच्या कार्यक्रमासाठी आमच्या दाराशी दहा-बाराजण थांबलेले कुणीतरी पाहिले, आणि तासाभरात रांग कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत गेली.

"इथे तर तिकीटही आहे," एकजण म्हणाला. "म्हणजे डुकराचं मटण नक्की!"

सभागृह तुडुंब भरलं. ग्झेलाकांना भरून आलं, ते जीव ओतून वाजवत राहिले. नंबर जाईल या भीतीने कुणी जागचं हललं नाही. कार्यक्रम संपला तरी सगळे बसूनच, म्हणून त्यांनी आणखी तीन रचना वाजवल्या.

शेवटी गेनोवेफा नावाच्या एक बाई रिकामी पिशवी घेऊन मंचापाशी गेल्या. "साहेब, माल कधी येणार?"

"कसला माल, बाई? हे वाजवलं तेवढंच."

"म्हणजे सगळ्यांना हेच मिळालं?"

"हेच."

"मग मला दोन द्या. माझी बहीण अंथरुणाला खिळलीये, तिच्या वाटचंही मीच नेते."

ग्झेलाकांनी स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंच्या मागे माणसं उठून रांग लावू लागली. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी आजारी होतंच.