पेट्यांची ओटी

आमच्या वारूळवाडीच्या शेडमध्ये जो माल तयार होतो त्याला बेलो म्हणतात. गाडीचं इंजिन आणि सायलेन्सर यांना जोडणारी ही वीतभर पोलादी नळी. बाजाच्या पेटीच्या भात्याला असतात तशा घड्या आणि वरून तारेची जाळी. इंजिन थरथरलं तरी मागचा पाइप तुटू नये, म्हणून हिनं मधे राहून सगळे हिसके सोसायचे. घरातल्या थोरल्या सुनेचंच काम म्हणा ना! पत्रा कोरियाचा, जाळी फरिदाबादची, वेल्डिंग वारूळवाडीचं आणि गाडी ऑस्ट्रेलियातली. बारा गावचं पाणी प्यालेली अशी दुसरी वस्तू आमच्या घरात नाही.

ही गोष्ट दोन हजार तीन सालातली. चाकणच्या ज्या कंपनीला आम्ही माल द्यायचो तिनं ते काम आपल्याच कारखान्यात सुरू केलं आणि आमच्या मशिनी गप्प झाल्या. सुदर्शन, म्हणजे आमचे हे (लिहिताना नाव घेते, समोर अजून 'अहो'च), नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून जगभर ईमेल पाठवायला लागले. मी मनात म्हणायचे, इथं चाकण विचारत नाही आणि ह्यांना मेलबर्न विचारणार! पण विचारलं बाई मेलबर्ननं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पहिला लॉट वेळेवर आणि बिनचूक आला तर पुढचं काम तुमचं, नाहीतर त्यांचा तैवानचा जुना माणूस होताच. म्हणजे हा लॉट नीट पोचला तर शेड चालणार, नाहीतर कुलूप.

मी लोणीची, शिक्षण बी. कॉम., त्यामुळे एक्स्पोर्टचे कागद माझ्याकडे आले. वेल्डिंग दस्तगीरभाईंकडे. हायवेला त्यांचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून सुदर्शननी त्यांना अक्षरशः उचलून आणलं होतं. आणि पॅकिंग लंकाबाईंकडे. आधी त्या टोमॅटोच्या बाजारात माल निवडायच्या. हात असा चालायचा की बघत राहावं, आणि तोंड हाताच्याही पुढे.

दोन महिन्यांनी पेट्या ट्रकमध्ये चढल्या, नारळ फुटला, पेढे वाटले. ट्रक उरणला कंटेनर यार्डात पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा आमच्या कस्टमच्या एजंटचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या पेटीत तांदूळ निघालाय."

मी म्हटलं, "राँग नंबर."

"मॅडम, पेटीवर तुमचंच नाव आहे. वर कुंकूसुद्धा आहे."

तपासणीच्या साहेबांनी नमुना म्हणून एक पेटी उघडली होती. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या धान्याचा एक दाणासुद्धा चालत नाही, तिकडे सापडला तर सगळा माल अडकून पडतो. साहेब भला माणूस. त्यांनी सांगितलं, पेट्या अजून कंटेनरमध्ये भरलेल्या नाहीत, माणसं आणा आणि साफ करा. पण उद्या दुपारपर्यंत कंटेनरला सील लागलं नाही तर जहाज थांबणार नाही.

मी तशीच शेडवर धावले. सुदर्शननी लंकाबाईंना बोलावलं. त्या हात पुशीत आल्या.

"पेट्यांत तांदूळ तुम्ही टाकले?"

"टाकले न्हाईत, वटी भरली," त्या म्हणाल्या. "पोरी समुद्रापल्याड निघाल्या. मोकळ्या वटीनं धाडायच्या व्हत्या का?"

"किती पेट्यांत?"

"आता बया! सगळ्याच की. एकीची भरायची आन दुसरीची न्हाई, आसं कुठं आसतंय व्हय?"

दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. सुदर्शनचा चेहरा पांढराफटक पडला होता. दस्तगीरभाई तर भडकलेच. "दोन म्हैने डोळं फोडलं आमी, आन तुमी मूठभर तांदळानं वाटोळं केलं, लंकाबाई!"

सुदर्शन सहसा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "लंकाबाई, उद्यापासून कामाला येऊ नका."

लंकाबाईंच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि घर त्यांच्या एकटीच्या हातांवर चाललं होतं, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या रडतील असं मला वाटलं. पण त्यांनी पदर खोचला.

"उद्या न्हाई येत, मालक. पन आज तर कामावर हाय न्हवं? मी भरलं त्ये मी काढते. गाडी बोलवा."

टोमॅटोची पिकअप मिळाली. रिकाम्या क्रेटांवर गोणपाट टाकून आम्ही सगळे बसलो. लंकाबाई, ठकूबाई, पॅकिंगच्या आणखी दोघीतिघी, दस्तगीरभाई आणि मी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी सुदर्शन. माळशेज उतरताना हाडं खिळखिळी झाली. एरवी ह्या बायका घाटात गाणी म्हणतात. त्या दिवशी नुसत्या क्रेट घट्ट धरून बसल्या.

यार्डात एजंटनं पास काढून ठेवले होते. आम्ही पेट्या उघडल्या आणि माझं धाबंच दणाणलं. दाणे वरच्या वर राहिले असते तर झटकता आले असते. आमच्या नळ्या उभ्या भरलेल्या, तोंडं वर. ट्रकच्या हिसक्यांनी सगळा तांदूळ नळ्यांत उतरला होता आणि घड्यांमध्ये जाऊन बसला होता. एक एक नळी उचलायची, उलटी करायची, तळहातावर आपटायची, कानाशी धरून हलवायची. वाजली की पुन्हा आपटायची. मग फडक्यानं पुसून आत उजेडात बघायचं.

"जल्मभर तांदळातनं खडं निवडलं," ठकूबाई म्हणाल्या, "आज लोखंडातनं तांदूळ निवडतोय." तेव्हा कुठे पहिल्यांदा सगळ्या हसल्या. सुदर्शनसुद्धा बाह्या सरसावून आमच्यात मांडी घालून बसले.

दुपार कलली असेल. माझ्या शेजारी लंकाबाईंचा हात एकदम थांबला. त्यांनी एक नळी पुन्हा हलवली, मग टोकाच्या कड्यावरून अंगठा फिरवला. मी वाकून पाहिलं. कडं आणि नळी जिथं जोडतात तिथला वेल्डिंगचा टाका केसभर उकलला होता. शेडमध्ये आम्ही प्रत्येक नळी पाण्यात बुडवून हवेनं तपासतो. तिथं ती पास झाली होती, पण रस्त्याच्या हिसक्यांनी कच्चा टाका सुटला होता. गाडीखाली ती महिनाभरही टिकली नसती.

सुदर्शन तीन हातांवर बसले होते. आदल्या दिवसापर्यंत शेडमध्ये सगळ्यात मोठा आवाज असलेली ही बाई आता बोंब मारील आणि सकाळचं सगळं वसूल करून घेईल, असं मला वाटलं. मी असते तर घेतलं असतं, खोटं कशाला बोलू! लंकाबाईंनी ती नळी पदराआड धरली आणि हळूच दस्तगीरभाईंच्या पुढ्यात सरकवली. पुन्हा आपली पुढची नळी उचलली.

दस्तगीरभाईंनी नळी पाहिली. त्याच पेटीतल्या दुसऱ्या काढून पाहिल्या. आणखी काही तशाच निघाल्या. मग ते उठले आणि त्या सगळ्या नळ्या घेऊन सुदर्शनसमोर उभे राहिले.

"मालक, हे माझं काम हाये. माझा पोरगा मुआज टायफॉइडनं जुन्नरला दवाखान्यात व्हता ना, त्या दिवसांतलं. रातभर त्याच्यापाशी बसायचो आन सकाळी येऊन टाकं मारायचो. मला वाटलं जमतंय. न्हाई जमलं."

"कुणी पाहिलं हे?" सुदर्शननी विचारलं.

"लंकाबाईंनी. आन मलाच गुपचूप दिलं." त्यांनी नळ्या खाली ठेवल्या. "मी त्यांना सकाळी काय बोललो, आन त्यांनी माझ्याशी काय केलं, बघा तुमी."

लंकाबाईंनी वरही बघितलं नाही. "पोर आजारी व्हतं त्याचं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर प्रत्येक नळी दोनदा हातातून गेली, एकदा दाण्यासाठी आणि एकदा टाक्यासाठी. कच्च्या नळ्या आम्ही बाजूला काढल्या. नग कमी झाले म्हणून एजंटला कागद बदलावे लागले. तो कुरकुरला, पण बसून त्यानं ते बदलले. साहेबांनी वाटेल त्या पेट्या उघडायला लावल्या, नळ्या स्वतः हलवून पाहिल्या आणि मान डोलावली. सूर्य बुडायच्या आत कंटेनरला सील लागलं.

तांदूळ नसता तर तो लॉट तसाच गेला असता, मेलबर्नमध्ये गाड्यांखाली बसला असता आणि फुटला असता. मग कुठली शेड आणि कुठले आम्ही! मी देवधर्मात फारशी नाही. पण त्या यार्डात, हात काळे झालेले असताना, मला इतकं भरून आलं की मी लंकाबाईंचे दोन्ही हात धरले. "ताई, हात सोडा, साडी बिघडंल," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मुरबाडच्या अलीकडे चहाला थांबलो. दस्तगीरभाईंनी पहिला कप लंकाबाईंच्या हातात दिला आणि त्यांचा होईपर्यंत स्वतःचा तोंडाला लावला नाही. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. आभार मानले की माणूस परका होतो. सुदर्शन टपरीपाशी घुटमळत राहिले. दोनदा लंकाबाईंकडे गेले आणि दोनदा उगाच साखरेचं विचारून परत आले. पिकअप सुरू झाली तेव्हा त्यांनी पुढची जागा लंकाबाईंना दिली आणि स्वतः मागे क्रेटवर चढले. मग मधल्या जाळीला तोंड लावून, रस्त्याकडे बघत, विचारलं,

"लंकाबाई, उद्या किती वाजता येणार?"

लंकाबाईंनी पदरानं डोळे पुसले, दोन्ही डोळे, सावकाश. मग आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या,

"आठला. रोज आठलाच येते की, मालक."