न दिलेला होकार

सोयाबीन काढायला त्या सकाळी दोघीच होत्या, आणि दोघींच्याही विळ्यांपेक्षा जिभा अधिक चालत होत्या.

"एकाला तरी न्हाई म्हन की गं," आरती करवादली. "दोघान्ला असं टांगून ठिवलीस. जीव घेऊन राहिलीस त्यांचा."

"माजा जीव कोन घेऊन राहिलं ते नको इचारू," शिवांगी म्हणाली.

मुखेडला मोबाइलचे दुकान चालविणारा उमाशंकर आणि गावोगाव मळणीयंत्र घेऊन फिरणारा वीरण्णा, दोघेही शिवांगीच्याच समाजातले, दोघेही सरळ. प्रेमकथेत खलपुरुष असल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही, त्यांची येथे निराशा होईल. कॉलेजच्या दिवसांत तिची एसटी चुकली की उमाशंकर दुकान बंद करून स्थानकावर सोबत थांबे. तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेई. वीरण्णा कोणाचेच ऐकत नसे. पण धुळीने माखलेल्या तोंडाने तो बोलू लागला की तिला हसू आवरत नसे. ह्यांतले थोर कोणते, हे शहाण्यांनी खुशाल ठरवावे. तिचे अनेक महिने ठरत नव्हते.

अखेर तिने विळा खाली ठेवला. "वीरण्णा," एवढेच म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं. उमाशंकरचे पाव्हने येऊन राहिलेत आज. त्याच्या आदी अप्पाला सांगते."

"मंग हितं काय करून राहिलीस? पळ की, बयो!"

ती पोहोचली तेव्हा पाहुणे ओसरीवर टेकले होते. केवळाबाईंनी लेकीला मागच्या दाराने आत ओढून लुगडे हाती दिले.

"माय, मला अप्पाशी बोलायचंय."

"पाव्हने गेल्यावर बोल. नेस आदी, अन् चहाचं बघ."

बाहेर उमाशंकरचे चुलते सिद्रामप्पा ह्यांनी सुपारी हाती घेतली. मुलीचे मत घेतल्यावाचून सोयरीक नको, असे मानणारे ते गृहस्थ. मात्र ते मत त्यांनी भिंतीपलीकडून मागितले. "पोरी, आमचं घर पसंत हाय का? मोकळ्या मनानं सांग."

आत भज्यांचा घाणा कढईत पडला होता. त्या चरचराटात बाहेरचे शब्द विरले. त्याच क्षणी मुळातच हळू बोलणाऱ्या केवळाबाईंनी तिच्या कानाशी पुटपुटून विचारले, "शिवे, साखर टाकलीस का?"

"हाव!" तेलाच्या आवाजावर चढून शिवांगी ओरडली.

ओसरीवर सुपारी फुटली.

ती चहाचे ताट घेऊन बाहेर आली, तर तिच्या वडिलांचे, शिवप्पांचे, डोळे भरून आले होते. "लेकीनं मान राखला माजा," ते म्हणाले.

तिने ताट खाली ठेवले. "अप्पा, ते मी मायला म्हनले. तुमचं काय ऐकूच आलं न्हाई."

"बघा, कशी लाजून राहिली!" कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

"माय, सांग की! तू काय इचारलं व्हतंस?"

सर्वांचे डोळे दाराकडे वळले. केवळाबाई पदराला हात पुसत राहिल्या. त्यांनी फुटलेली सुपारी पाहिली, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"म्या? म्या काय बी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

ह्याला कोणी कपट म्हणेल. मी भय म्हणतो. पण शिवांगीला त्या भेदाचा काडीचा उपयोग नव्हता.

उमाशंकरची चुलती ओटी भरायला ओंजळीत गहू घेऊन उठली. "पदर पसर, माय."

शिवांगीने हात हलविले नाहीत. चुलतीने मात्र, सवयीने, ओंजळ सोडली. दाणे लुगड्यावरून ओघळून जमिनीवर पडू लागले. उभा जन्म खळ्यावर गेलेल्या त्या मुलीला सांडते धान्य पाहवेना. विचार करण्याआधीच तिचे हात पुढे झाले आणि पदर गव्हाखाली गेला.

"आता कसं!" चुलती म्हणाली, आणि तिने दुसरी ओंजळ भरली.